लेझरने वस्तू जाळायचा छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन वॅटचा निळा लेझर हातात धरून काड्या पेटवणारे, फुगे फोडणारे, लाकडावर नाव कोरणारे लोक आपल्याकडेही आता बरेच दिसतात. त्यांना घरचे, शेजारचे आणि नवशिके जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लेझर घरी जोडायची कृती इथे मिळणार नाही.

यात मजा काय आहे, नेमकी? काडी तर पाच पैशांच्या घर्षणानेही पेटते.

पेटते, पण हात लावून. टेबलाच्या या टोकाला तुम्ही, त्या टोकाला काडी. मध्ये तार नाही, ज्वाला नाही, आवाजही नाही. गुलावर निळा ठिपका येतो, क्षणभर काहीच होत नाही, मग धुराची बारीक रेघ निघते आणि भस्सकन काडी पेटते. त्या मधल्या क्षणाची चटक लागते. प्रकाश म्हणजे फक्त दिसण्यापुरती गोष्ट, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. इथे तो काम करताना दिसतो.

दुसरं कारण जरा तांत्रिक आहे. लेझरची शक्ती मोजायचा मीटर महाग असतो. साध्या छांदिष्टाकडे तो नसतो. मग लेझर किती दमदार आहे हे कळणार कसं? काडी किती लवकर पेटली, काळी इन्सुलेशन टेप किती झटक्यात कापली, यावरून. मापनाची रीत कच्ची आहे हे सगळ्यांना माहीत असतं. टेप थोडी चकचकीत निघाली किंवा फोकस केसभर हलला तरी निकाल बदलतो. पण सोल्डरिंग करून, लेन्स बसवून, हीटसिंक (उष्णता वाहून नेणारा धातूचा तुकडा) घासून उभा केलेला लेझर पहिल्यांदा चालला, याची पावती त्या जळक्या भोकाइतकी दुसऱ्या कशातूनच मिळत नाही.

आणि तिसरं कारण लपवण्यात अर्थ नाही: आग बघायला माणसाला आवडतं. होळीभोवती लोक उगाच तासभर थांबत नाहीत.

प्रकाशाने वस्तू जळते कशी?

भिंगाने कागद जाळलेला प्रत्येकाला आठवत असेल. तोच हिशोब मांडू. भर दुपारी एका चौरस सेंटिमीटरवर सूर्याची साधारण ०.१ वॅट शक्ती पडते. ५ सेंटिमीटर व्यासाचं भिंग सुमारे २० चौरस सेंटिमीटरवरचं ऊन गोळा करतं, म्हणजे जवळजवळ २ वॅट. ते एका ठिपक्यात आणलं की कागद पेटतो. मग १ वॅटचा लेझर भारी कसा ठरतो? ठिपक्याच्या आकारामुळे. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, तबकडी दिसते. त्यामुळे १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून त्याची प्रतिमा सुमारे ०.९ मिलिमीटरपेक्षा लहान होतच नाही. लेझरचा ठिपका ०.१ मिलिमीटरपर्यंत आणता येतो. शक्ती निम्मी, पण दर चौरस मिलिमीटरला मारा चाळीसेक पट.

म्हणून या छंदात नवशिका आणि मुरलेला यांच्यातला फरक फोकस करण्यात दिसतो. लेन्सची आटेदार रिंग अगदी हलक्या हाताने फिरवायची आणि ठिपक्याकडे लेझरसाठीच्या संरक्षक चष्म्यातून बघत राहायचं. मोठ्या निळ्या डायोडचा (म्हणजे किरण तयार करणाऱ्या चिमुकल्या भागाचा) ठिपका गोल नसतोच, आखूड रेघेसारखा दिसतो. त्यात रवाळ, सळसळणारे कण दिसतात. लेझरच्या लहरी एकमेकींत मिसळून तयार होणारी ती नक्षी असते. रेघ बारीक झाली की धूर निघतो. पुढे-मागे बोटभर सरकलं की धूर बंद.

माझ्याकडचा साधा पॉइंटर काडी का पेटवत नाही?

प्रेझेंटेशनचा पॉइंटर ५ मिलीवॅटच्या आत असावा अशी अपेक्षा असते. १ वॅट म्हणजे १००० मिलीवॅट. काडी पेटायला शंभराच्या पुढे आणि चांगला फोकस लागतो.

हिरवा लेझर जास्त प्रखर दिसतो. मग तोच जास्त जाळत असेल ना?

नाही. प्रखर दिसणं ही आपल्या डोळ्याची आवडनिवड. डोळा हिरव्याला फार संवेदनशील आहे. लेझरचा रंग नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने सांगतात. तेवढ्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण ४४५ नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा साधारण ३० पट उजळ भासतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा तर आणखी मिणमिणता वाटतो. जळणं अवलंबून असतं ते वस्तूने किती प्रकाश गिळला यावर. मंद दिसणारा जांभळा ठिपका म्हणूनच फसवतो: 'एवढासाच तर आहे' म्हणत लोक त्याच्याकडे टक लावून बघतात.

लोक जाळतात तरी काय काय?

काडी आणि फुगा यांच्यापासून सगळ्यांची सुरुवात. फुग्याचा एक प्रयोग खरोखर शिकण्यासारखा आहे. पारदर्शक फुग्याच्या आत गडद रंगाचा फुगा फुगवायचा. किरण बाहेरच्या फुग्यातून आरपार जातो, त्याला काही होत नाही, आणि आतला फटकन फुटतो. लाल फुग्यावर लाल लेझर मारला तर तो बराच प्रकाश परत फेकतो आणि तग धरतो. हिरव्याने लगेच फुटतो. रंग म्हणजे काय, हे शाळेत धडा वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा इथे जास्त कळतं.

लाकडाची गंमत वेगळी. पांढुरक्या फळीवर किरण धरला तर सुरुवातीला ढिम्म काही होत नाही. एखादा तपकिरी डाग पडला की तो डाग जास्त प्रकाश गिळतो, त्याने आणखी काळा होतो, आणखी गिळतो, आणि बघता बघता खड्डा पडतो. म्हणून मुरलेली मंडळी आधी काळ्या मार्करने टिंब काढून ठेवतात. करवंटी मात्र मुळातच गडद, तिच्यावर अक्षरं सुबक उठतात. पापडावर नाव कोरणारेही पाहिले आहेत. तो पापड पुढे कोणी खाल्ला का, ते विचारलं नाही.

पारदर्शक ॲक्रिलिक निळ्या लेझरने कापत नाही. प्रकाश सरळ पलीकडे निघून जातो आणि मागची भिंत डागाळते. स्टीलच्या चमच्याचंही १-२ वॅटला काही बिघडत नाही. धातू बराच प्रकाश परावर्तित करतो आणि उरलेली उष्णता झटकन पसरवून टाकतो. तो परत आलेला किरण कुणाच्या डोळ्यात गेला, हा प्रश्न मात्र उरतोच.

काय अजिबात जाळू नये?

पीव्हीसी. यात रेक्झिन आलं, फ्लेक्सचा तुकडा आला, वायरचं आवरण आलं. आणि हो, वर जिचा उल्लेख केला ती काळी इन्सुलेशन टेपही बहुतेक वेळा पीव्हीसीच असते. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती फुप्फुसाला बाधते आणि यंत्राच्या लोखंडी भागांना गंज चढवते. टेप कापून शक्ती अजमावायची ही सवय इतकी जुनी आहे की सांगूनही कुणी सोडत नाही. निदान खिडकी उघडा आणि पंखा धूर बाहेर फेकेल असा लावा. चामडं म्हणून स्वस्तात मिळालेलं पाकीट कोरायच्या आधी ते खरंच चामडं आहे का ते बघा.

हा छंद आला कुठून?

जाळायची हौस लेझरच्या जन्माइतकीच जुनी आहे. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या ह्यूजेस प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चालवला. त्यानंतरच्या वर्षांत संशोधक आपापल्या लेझरचा दणका 'जिलेट'मध्ये सांगत असत. एका स्पंदनात दाढीच्या किती ब्लेडना भोक पडलं, तेवढे जिलेट. म्हणजे मीटर हाताशी नसला की काहीतरी जाळून बघायचं, ही पद्धत मोठ्या प्रयोगशाळांतूनच आली आहे.

घरगुती छंद मात्र भंगारातून उभा राहिला. डीव्हीडी रायटर स्वस्त झाले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की चकती 'बर्न' करणारा लाल डायोड बाहेर काढला तर तो काडीही पेटवतो. मग एक्सबॉक्स ३६० च्या एचडी-डीव्हीडी ड्राइव्हमधले ४०५ नॅनोमीटरचे जांभळे डायोड हाती लागले. खरा स्फोट झाला २०१० मध्ये. कॅसिओने दिव्याऐवजी लेझर वापरणारे प्रोजेक्टर काढले. एकेका प्रोजेक्टरमध्ये ४४५ नॅनोमीटरचे, प्रत्येकी वॅटभर शक्तीचे २४ निळे डायोड. ते सुटे विकत घ्यायला गेलं असतं तर परवडलं नसतं. लोकांनी नवे प्रोजेक्टर विकत घेऊन फोडले आणि आतले डायोड सुटे विकले! त्याच वर्षी विकेड लेझर्स या कंपनीने १ वॅटचा निळा हातातला लेझर सुमारे २०० डॉलरला बाजारात आणला. त्याचं रूप सिनेमातल्या प्रकाश-तलवारीसारखं दिसतं म्हणून 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्मने कंपनीला नोटीस पाठवली. फुकटात एवढी जाहिरात फार थोड्या वस्तूंना मिळते.

हे डायोड नाजूक असतात, हे त्या फोडाफोडीतच कळलं. अंगातल्या स्थिर विजेचा एक न जाणवणारा झटका बसला किंवा करंट थोडा जास्त गेला की डायोड मरतो. मरतो म्हणजे बंद पडत नाही, साध्या एलईडीसारखा मंद उजेड देत राहतो. महागडा डायोड असा 'एलईडी झालेला' बघणं फार जिवावर येतं.

लेझरचा आणि बारामतीचा काही संबंध आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि संबंध चांगला घसघशीत आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा अदृश्य अवरक्त किरण लाकूड, कापड, कागद अगदी सहज गिळतात. निळ्या लेझरला न जुमानणारं पारदर्शक ॲक्रिलिकही तो लोण्यासारखं कापतो. आपल्याकडे गणपतीचं एमडीएफचं जाळीदार मखर, दारावरच्या नावाच्या पाट्या, लग्नपत्रिकांवरची नक्षी कापणारी यंत्रं बहुतांशी याच जातीची असतात. मखर उभारताना बारामतीकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

मग नुसतं जाळण्यापेक्षा एनग्रेव्हर घेतलेला बरा नाही का?

माझं मत विचाराल तर शंभर टक्के बरा. हातातल्या लेझरची मौज खरी आहे, पण महिनाभरात काड्या आणि फुगे संपतात आणि मग 'आता काय जाळू' असा शोध सुरू होतो. इथून पुढेच अपघात होतात. एनग्रेव्हरमध्ये तोच निळा डायोड एका चौकटीवर बसवलेला असतो, मोटारी त्याला आडवं-उभं फिरवतात, आणि किरण खाली टेबलाकडेच राहतो. वेग आणि शक्ती यांचा मेळ बसवत एका फळीवर चौकोनांचा तक्ता जाळायचा, त्यातून या लाकडाला कुठली छटा शोभते ते ठरवायचं, हे काम तासन्‌तास गुंगवून ठेवतं. झाकण असलेलं आणि झाकण उघडताच किरण बंद होणारं यंत्र घ्या. जाळायचं समाधान तिथेही पुरेपूर मिळतं.

यंत्र सुरू ठेवून चहा प्यायला जाऊ नका. लाकूड पेट घेतं ते नेमकं तेव्हाच.

डोळ्यांना धोका किती? चष्मा नसला तर थोडा वेळ चालेल का?

चालणार नाही. या एका उत्तरात तडजोड नाही.

लेझरचे वर्ग असतात. वर्ग २ म्हणजे १ मिलीवॅटपर्यंतचा दृश्य किरण. चुकून डोळ्यात गेला तरी पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यावर निभावतं. ५ मिलीवॅटपर्यंत वर्ग ३आर, ५०० पर्यंत वर्ग ३बी, त्यावर सगळा वर्ग ४. जाळणारे लेझर बहुतेक वर्ग ४ मध्ये येतात. तिथे पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. भिंतीवरून पसरून परत येणारा प्रकाशसुद्धा जवळून बघणं धोक्याचं असतं.

आता एक उलटासुलटा वाटणारा हिशोब. १ वॅटचा हातातला लेझर १.५ मिलीरेडियनने, म्हणजे दर मीटरला दीड मिलिमीटरने, पसरतो असं धरा. १०० मीटरवर त्याचा झोत सुमारे १५ सेंटिमीटर रुंद झालेला असतो आणि दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ मिलीवॅट उरतात. दुपारचं ऊन १०० मिलीवॅट असतं. म्हणजे तिथे उभ्या माणसाच्या हाताला तो उन्हाइतकाही ऊबदार लागणार नाही. पण अंधारात विस्फारलेल्या बाहुलीतून त्यातले २ मिलीवॅटच्या वर आत जातात आणि डोळ्याचं भिंग त्यांना आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, सूक्ष्म बिंदूत एकवटतं. हातावर काहीच न जाणवणारा किरण वर्ग २ ची मर्यादा ओलांडून बसलेला असतो. 'लांबून मारला होता' ही सबब म्हणून टिकत नाही.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. दुखत नाही म्हणून लोक घरी जाऊन झोपतात आणि सकाळी वाचताना ओळीच्या मधोमध काळा ठिपका दिसतो. तसं काही जाणवलं तर त्याच दिवशी दृष्टिपटलाच्या डॉक्टरांना दाखवा.

कुठला चष्मा घ्यायचा?

लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेला. ४४५ नॅनोमीटरसाठी नारिंगी काच असते, पण नारिंगी दिसली म्हणून ती संरक्षक ठरत नाही. दांडीवर किंवा काचेवर तरंगलांबीची कक्षा आणि ओडी, म्हणजे काच किती प्रकाश अडवते तो आकडा, छापलेला हवा. ओडी ४ म्हणजे दहा हजारांत एक भाग आत येतो, ओडी ५ म्हणजे लाखात एक. गॉगल, वेल्डिंगची काच, लेझरसोबत फुकट आलेला खेळण्यातला हिरवा चष्मा, यांतलं काहीच संरक्षण म्हणून धरू नका. आणि खोलीत जितकी डोकी तितके चष्मे. मांजरही डोक्यातच मोजायचं.

ऑनलाइन '५०,००० मिलीवॅट' लिहिलेला पॉइंटर हजार रुपयांत दिसतो. घ्यावा का?

आकडा बिनदिक्कत खोटा आहे. ५० वॅटचा प्रकाश हातातल्या नळीतून काढला तर नळी हातात धरवणार नाही. पण खरी अडचण उलट बाजूची आहे. '५ मिलीवॅटपेक्षा कमी' असं लेबल असलेले पॉइंटर त्याहून जोरदार निघतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के नियमात बसले नाहीत.

स्वस्त हिरव्यांत आणखी एक मेख असते. त्यात ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा किरण निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ चा हिरवा करतो. शेवटी अवरक्त अडवणारी एक छोटी काच लागते. पैसे वाचवायला ती वगळली की न दिसणारा प्रकाशही सोबत बाहेर येतो. तो दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीतले लेझरही असेच असतात का?

जातकुळी तीच, शक्ती बहुधा जास्त. चांगल्या शोमध्ये किरण सतत हलता ठेवतात आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेतात. मिरवणुकीत ट्रकवर बांधलेला प्रोजेक्टर थेट तोंडाच्या उंचीवर येतो आणि त्यातला किरण फिरवणारा आरसा अडकला की किरण एका जागी थांबतो. मिरवणुकीनंतर दृष्टिपटलात रक्तस्राव झालेले रुग्ण आल्याचं महाराष्ट्रातले नेत्रतज्ज्ञ सांगत आले आहेत. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदीचा आदेश काढला. त्या बंदीवर 'उत्साहावर विरजण' अशी टीका झाली. मला ती टीका पटत नाही. स्वतःच्या टेबलावर धोका पत्करणारा निदान चष्मा लावून बसतो. गर्दीतल्या पोराला कुणी चष्मा देत नाही.

रात्री आकाशात मारला तर कुणाचं काय बिघडतं?

वैमानिकाचं. कॉकपिटच्या काचेवरचे बारीक ओरखडे प्रकाश पसरवतात आणि उतरताना अख्खी काच हिरवी किंवा निळी होऊन जाते. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा १३,३०४ घटनांची नोंद झाली. तिथे हा संघराज्याचा गुन्हा आहे आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडेही विमानतळांच्या परिसरात पोलीस लेझरबंदीचे आदेश काढतात. ऑस्ट्रेलियात तर २००८ पासून १ मिलीवॅटवरचे हातातले पॉइंटर परवानगीशिवाय आणता येत नाहीत. सिडनी-मेलबर्नच्या भाच्याला भेट म्हणून बॅगेत टाकायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा. मग लेझर मारायचा तरी कुठे, असं वाटत असेल तर किरणापुढे न चकाकणारी वीट उभी करा. तिच्यावर तो संपला पाहिजे.

व्हिडिओ काढता येतो का?

येतो, पण किरण थेट किंवा चमच्यावरून उडून कॅमेऱ्यात गेला तर सेन्सरवर कायमची रेघ पडते. जुना मोबाइल वापरा. फोकस करताना मोबाइलच्या पडद्यात बघत काम केलं तर आपलं तोंड ठिपक्यापासून दूर राहतं, हा वर फायदा.

आठवीतला मुलगा हट्ट धरून बसलाय. घेऊन देऊ का?

हातातला जाळणारा लेझर नको. समजूतदार मुलगा असला तरी त्याचे मित्र तेवढेच समजूतदार असतील याची हमी नाही, आणि लेझर शाळेच्या दप्तरात जायला वेळ लागत नाही. हट्टामागे कुतूहल असेल तर मोठं भिंग आणि मे महिन्याचं ऊन त्याला द्या. काळा फुगा आणि पांढरा फुगा यांतला फरक उन्हातही दिसतो, फक्त भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे बजावून सांगा. झाकणाचा एनग्रेव्हर घरी आणलात तर चावी तुमच्याकडे ठेवा आणि त्याच्यासोबत बसा. पहिल्या रविवारी तुम्हीच त्याच्यापेक्षा जास्त वेळ बसाल, अशी शक्यता आहे.

घरात एमडीएफचा जळका वास राहतो. काय करावं?

एमडीएफमध्ये लाकडाचा भुसा फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेला असतो. वास त्याचाच, आणि तो नुसता त्रासदायक नाही, घातकही आहे. उदबत्ती लावून भागत नाही. यंत्राला पाइप जोडून धूर खिडकीबाहेर काढा, मात्र ती खिडकी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे उघडणारी नको. कापलेले तुकडे रात्रभर गॅलरीत ठेवा. लेन्सवर बसलेली काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर पुढच्या वेळी तीच काजळी प्रकाश गिळेल आणि लाकडाऐवजी लेन्स तडकेल.